बसायला कुणीतरी लागतं

कॉम्प्युटर बंद होता. सकाळी रस्ता रुंद करणाऱ्या यंत्रानं कोपऱ्यावर विजेची केबल तोडली, इन्व्हर्टरनं थोडा वेळ दम धरला आणि मग त्यानंही मान टाकली. शैला काळ्या पडद्यासमोर बसून होती. वीज नसताना तिथं बसून काही उपयोग नाही हे तिला कळत होतं, पण आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी ती अशा वेळी बसूनच राहायची. तेवढ्यात फोन वाजला. माहेराहून, लासूर स्टेशनहून, आई बोलत होती. "शैले, आज तुमच्या सहा नंबरच्या गल्लीला दुपारी पाणी आहे ना गं?" शैला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" "कुणी कशाला सांगंल? वाचतेय की मी. सूनबाईचा मोबाइल आहे माझ्या हातात. पुंडलिकनगर पाणी. गल्ली सहा, दुपारी दोन ते तीन. खाली तुझं नाव. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसतंय बघ." शैलानं विचारलं, "आत्ता दिसतंय? या घटकेला?" आई म्हणाली, "आत्ता नाही तर काय काल?" शैलानं मान वळवून कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडदा काळाच होता, त्यात तिचा स्वतःचाच चेहरा आणि मागची खिडकी दिसत होती.

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. आईला जे दिसतंय ते दिसणं शक्य नव्हतं. ते पान या यंत्राच्या पोटात होतं. यंत्र चालू असेल तोवर ते जगाला दिसणार, बंद पडलं की विझणार. या एका गोष्टीवर तिनं गेलं दीड वर्ष रचलं होतं. ती चप्पल न घालताच समोरच्या सत्यभामाकाकूंकडे गेली आणि म्हणाली, "काकू, जरा तुमच्या मोबाइलवर आपलं पाण्याचं पान उघडा बरं." काकूंनी पदराला हात पुसले, बोटानं दोनदा टोचलं आणि मोबाइल तिच्यासमोर धरला. निळी पट्टी, पांढरी अक्षरं, गल्ल्यांची ओळ, सगळं जागच्या जागी. "काय झालं? वेळ बदलली का?" काकूंनी विचारलं. शैला म्हणाली, "नाही, वेळ तीच आहे." उन्हानं तापलेला रस्ता ओलांडून ती घरी परत आली. तळपाय भाजले होते ते तिला आत आल्यावर कळलं.

ही निळी पट्टी तिनं हातानं केली होती. मुलगा केयूर पुण्याला नोकरीला लागला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर हॉलमध्ये विणलेल्या रुमालाखाली झाकून पडला. कॉलनीच्या तोंडाशी कॉम्प्युटर क्लास निघाला, दुपारी बायकांना सवलत होती. शैला गेली ती खरं म्हणजे दुपार घालवायला. तिथं शिकवणारा इंद्रजीत गंगापूरकडचा, काटकुळा, तिच्या केयूरपेक्षा थोडा मोठा. त्यानं फळ्यावर काही खुणा लिहून दाखवल्या आणि त्याच खुणा तिनं घरी येऊन टाइप केल्या, तेव्हा पडद्यावर आलं होतं 'नमस्कार, मी शैला'. त्या वेळी तिला जे वाटलं होतं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला, श्रीधरला, हाक मारून दाखवलं, तर तो म्हणाला, "छान. रंग जरा भडक आहे." तो कचेरीतून आला होता, त्याला चहा हवा होता. पण तिनं रंग बदलला नाही. शाळेत असताना तिचं नाव कधी फळ्यावर लागलं नव्हतं, लग्नात आडनाव बदललं, दारावरच्या पाटीवर नाव श्रीधरचं आणि त्याच्या वडिलांचं होतं. इथं मात्र तिनं लिहिलं म्हणून आलं, पुसलं असतं तर गेलं असतं. नमस्कार म्हणून झाल्यावर पुढं काय लिहायचं हा प्रश्न पडला. तो पाण्यानं सोडवला.

पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी रुसला होता. बायपासच्या बाजूला इमारतीवर इमारत चढत होती, प्रत्येकीखाली नवी बोअर जात होती आणि जुन्या बोअरमधून नुसती हवा यायची. नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी, कधी पाचव्या, तेही कुठल्या वेळी येईल याचा नेम नाही. नोकरी करणाऱ्या बायका रजा टाकून नळाशी बसायच्या. पाणी सोडणारा मोतीराम व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकून सायकलवरून जायचा, आणि त्याला अडवून विचारण्याची ज्याची हिंमत त्यालाच वेळ कळायची. शैलानं एकदा त्याला ताक दिलं. तो म्हणाला, "ताई, मी बी काय करू? वरून फोन येतो तवा मला कळतं. तुमाला सांगत जातो, तुमी लोकांला सांगा. माझ्या डोक्यामागची कटकट जाईन." तिनं ते पानावर लिहिलं. गल्ली, वेळ, खाली शेवटचा बदल कधी केला ते, आणि त्याखाली आपलं नाव. मग इंद्रजीतला विचारलं की हे लोकांना दिसायचं कसं.

त्यानं दिलेलं उत्तर तिला शब्दन् शब्द आठवत होतं, म्हणजे आत्तापर्यंत तसं वाटत होतं. "मॅडम, पान बनवणं सोपंय, ठेवायचं कुठं हा खरा सवाल. ज्या मशीनवर ठेवलं ती कधीच बंद पडली नाय पाहिजे. एक तर बाहेर जागा भाड्यानं घ्या, नाय तर घरची मशीन चालू ठेवा. घरची शिकण्यापुरती बरी." यातलं शेवटचं वाक्य आज इतक्या दिवसांनी तिच्या कानात नीट शिरलं. तेव्हा तिनं ऐकलं होतं ते एवढंच, की घरची चालते आणि ती बंद पडता कामा नये. भाड्याची जागा म्हटल्यावर तिचं मन तिथंच बंद झालं होतं. लग्नानंतर किती भाड्याच्या खोल्या बदलून पुंडलिकनगरात हे घर झालं. आपली वस्तू परक्याकडे ठेवायची, कुठं, कुणाच्या भरवशावर? आणि बंद पडता कामा नये असं काही असेल तर त्याच्याजवळ कुणीतरी बसायला लागतं, हे तिला नव्यानं शिकायची गरजच नव्हती.

या घराला ते बसणं ठाऊक होतं. श्रीधरचे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कारकून झाले, श्रीधरही कारकून, पण नवरात्राचा घट आणि त्यापुढचा अखंड दिवा तेवढा पिढ्यान् पिढ्या चालत आला. दिवा विझू द्यायचा नाही आणि दिव्याला एकटं सोडायचं नाही. घराला कुलूप नाही. सासूबाई सांगायच्या, "आपण सगळे आलटून पालटून बसू," आणि त्यातलं आलटून पालटून कधी झालं नाही. नवी सून म्हणून पहिल्या वर्षी शैला बसली, पुढच्या वर्षी तिला सवय आहे म्हणून बसली, नंतर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला काजळी झाडायला जमत नाही असं ठरून गेलं. कर्णपुऱ्याच्या देवीच्या जत्रेला सगळं घर जायचं. तिनं ती जत्रा इतक्या वर्षांत पाहिली ती रेवड्यांच्या पुड्यातून आणि केयूरच्या पिपाणीतून. बंद खोलीत तेलाचा वास, वातीचा बारीक तडतडाट, बाहेर रिक्षांचे आवाज, आणि आपण वाटी कलती करून तेल घालतोय. त्यात तिला कधी राग आला होता का, हे ती आज आठवायला गेली. राग नव्हता. एक प्रकारचा मान होता. सगळे मजा करून परत आले की सासूबाई आधी दिव्याकडे बघायच्या आणि मग तिच्याकडे, आणि म्हणायच्या, "आहे." त्या एका शब्दावर ती वर्षभर जगत होती असं म्हटलं तरी चालेल. सासूबाई गेल्या, तरी दिवा राहिला. बघणारं कुणी नव्हतं म्हणून ती स्वतःच बघून मनात म्हणायची, आहे.

मग यंत्राचं नवरात्र सुरू झालं आणि ते संपेचना. रुमाल काढून टाकला, यंत्र तापत होतं. एप्रिल-मेमध्ये घरातला एकुलता एक टेबलफॅन तिनं यंत्राकडे वळवला आणि स्वतः वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसली. श्रीधर म्हणाला, "पुढच्या जन्मी मला कॉम्प्युटर कर म्हणून देवाला सांग. माझी एवढी बडदास्त कधी नव्हती." ती हसली, पण पंखा फिरवला नाही. वीज गेली की घराचा इंटरनेटवरचा पत्ता बदलून जायचा, आणि वीज आली की तिला पहिलं काम ते, नवा पत्ता शोधून नोंदवायचा, नाही तर लोक जुन्याच दारावर टकटक करत राहणार. वीज तर दिवसात केव्हाही जायची. भाजी आणायला जायचं ते कोपऱ्यापर्यंत, परत येताना पाय आपोआप भरभर पडायचे, आणि दाराशी आल्यावर आधी कान लावून आतला घुंई आवाज ऐकायची, मग चप्पल काढायची. लग्नकार्यांना श्रीधर एकटा जाऊ लागला. "ती पाण्याचं बघते," तो लोकांना सांगायचा, आणि लोकांना ते पटायचंही. पान उघडायला उशीर झाला की फोन, पाणी आलं नाही तरी फोन, जणू धरण तिच्या परसात होतं. काकू गल्लीत सगळ्यांना सांगायच्या, "शैला आहे म्हणून कळतं तरी." शैलाला ते आवडत होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. आवडत होतं आणि गळ्याशी आवळतही होतं, आणि दोन्ही एकाच दोरीचं होतं म्हणून सोडवता येत नव्हतं.

लासूर स्टेशन म्हणजे काही परदेश नाही. पॅसेंजरनं तासभर. तरी ती गेली नव्हती. आई आधी म्हणायची, "ये गं चार दिवस." मग म्हणायची, "एक दिवस ये, सकाळी येऊन संध्याकाळी जा." फाल्गुनात गंगापूरच्या शिबिरात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भाऊ मंदार घेऊन गेला होता. शैलानं त्याला फोनवर सांगितलं की जायकवाडीचं पाणी तळाला गेलंय, वेळा रोज बदलतात, लातूरला तर रेल्वेनं पाणी न्यायचं चाललंय, अशा वेळी पान बंद पडलं तर लोक मारतील मला. मंदार म्हणाला, "बरं." त्या बरं मध्ये काय होतं ते तिला ऐकू आलं होतं. पट्टी सोडल्यावर आईनं स्वतः फोन केला. "नवा डोळा आलाय बघ. मंदारला पाहिलं, सूनबाईला पाहिलं, शेजारच्या लक्ष्मीबाई मला बघायला आल्या, त्या किती म्हाताऱ्या झाल्यात ते पाहिलं. सगळी माणसं पाहून झाली. तू तेवढी राहिलीस." शैला म्हणाली, "येते, आई. पाऊस पडू दे, मग येते." त्यानंतर आईनं ये म्हणणं सोडलं. सोडलं ते तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग एके दिवशी भांडी लावताना ते अचानक टोचलं. आता आई बोलवत नाही म्हणजे आईनं मनात आपली जागा दुसऱ्या कुणाला दिली असेल, असं काहीतरी वेडंवाकडं तिला वाटलं होतं. आज तिला कळलं, आई बोलवायची थांबली होती ती रोज हे पान बघायला लागल्यावर. खाली वेळ, खाली नाव. शैला उठली, शैला आहे.

वीज दुपारी आली. यंत्र आपोआप घुंई करून सुरू झालं. तिनं त्याला हात लावला नाही. केयूरला फोन केला आणि विचारलं, "कॉम्प्युटर बंद असताना पान कसं दिसतं?" मग तो म्हणाला, "आई, ते संक्रांतीपासून बाहेर आहे. मी आलो होतो ना, तेव्हा हलवलं. तू फाईल सेव्ह केलीस की तिकडे आपोआप जाते." तिला आठवलं. संक्रांतीला तो अर्धा दिवस यंत्रासमोर बसला होता आणि जाताना म्हणाला होता, 'आता तुला पत्ता बदलत बसायला नको, मी त्या इंटरनेटवाल्या कंपनीशी बोललोय.' ती त्याला गुळाची पोळी वाढता वाढता किती खूश झाली होती. ती म्हणाली, "मला न सांगता हलवलंस." केयूर म्हणाला, "तुला ते घरातच हवं होतं. बाहेर ठेवायचं म्हटलं की तुझा चेहरा उतरायचा. मला वाटलं, कशाला दुखवा. तू जरा बाहेर पडशील, लासूरला जाशील, म्हणून तर केलं." शैला म्हणाली, "बाहेर कशी पडणार, केयूर? मला माहीत कुठं होतं?" मग तिनं विचारलं, "आता कुठं आहे ते?" "नक्की नाही सांगता येत गं. कुठंतरी दूर, मोठ्या खोल्या असतात, हजारो मशिनी असतात." "मग तिथं कोण बसतं?" तिनं विचारलं. केयूर हसला नाही, तेवढं त्याला कळलं. तो म्हणाला, "कुणी नाही बसत, आई. बसावं लागत नाही."

तिनं फोन ठेवला आणि ती मोकळी झाली, असं व्हायला हवं होतं. खोलीत उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती, पंखा यंत्राकडे तोंड करून फिरत होता, आणि दार उघडं होतं. ते संक्रांतीपासून उघडं होतं. म्हणजे आईची पट्टी सुटली तेव्हाही उघडं होतं. इन्व्हर्टर गेला म्हणून ती रडकुंडीला आली होती त्या दुपारी, धापा टाकत कोपऱ्यावरून परत आली होती त्या प्रत्येक सकाळी, लोकांना सगळं व्यवस्थित दिसत होतं आणि ती इथं एका रिकाम्या घटासमोर तेल घालत बसली होती. तिला मुलाचा राग आला, मग त्यानं ते प्रेमानं केलं म्हणून जास्त राग आला. आणि त्या रागाच्या खाली काहीतरी गार होतं, ते तिला बघायचं नव्हतं. न जायला आता कारण उरलं नव्हतं. कारण होतं तोवर ती अडकलेली बाई होती. सगळ्यांना ते दिसत होतं, समजत होतं. आता ती नुसती घरात बसलेली बाई होती. श्रीधर संध्याकाळी आला, त्याला तिनं सगळं सांगितलं. त्यानं पेपर उलटला आणि म्हणाला, "मग बरंच झालं की. जाऊन ये लासूरला." इतक्या सहज. जणू तिला कुणी कधी बस म्हटलंच नव्हतं. आणि खरंच, श्रीधर तरी कधी म्हणाला होता? ती म्हणाली, "तुम्ही कचेरीत, मी तिकडे. घराचं काय?" "कुलूप लावायचं," तो म्हणाला. "कुलूप कुठं आहे?" तिनं विचारलं. श्रीधरनं पेपरवरून तिच्याकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रीधर गेल्यावर तिनं मोतीरामच्या फोनची वाट पाहिली. "ताई, सहाला आज नाय. सातला हाये, चारच्या पुढं. प्रेशर लई कमी हाये म्हनून सांगा," तो म्हणाला. तिनं ते लिहिलं, सेव्ह केलं, मग यंत्र बंद करायला गेली तर हात अडला. दीड वर्षात तिनं ते स्वतः होऊन कधी बंद केलं नव्हतं. केलं. घुंई आवाज थांबला, आणि घरात भिंतीवरचं घड्याळ चालतं हे तिला नव्यानं ऐकू आलं. कुलूप देवघराखालच्या खणात सापडलं, सासूबाईंच्या वेळचं पितळी, किल्ली त्यातच अडकलेली. पण ते बंद होतं, आणि किल्ली कुठल्याच बाजूला फिरेना. तिनं खोबरेल घातलं, फडक्यात धरून पिळलं, उंबऱ्यावर दोनदा आपटलं. कुठल्याही दाराला न लावताच ते कुलूप आतल्या आत बंद होऊन बसलं होतं. पॅसेंजरची वेळ होत आली. शेवटी तिनं दाराची कडी घातली आणि कोयंड्यात एक चमचा अडकवला. समोरून काकूंनी विचारलं, "काय गं, घरात कुणी नाही?" "नाही," शैला म्हणाली. हा शब्द तिनं या दाराशी उभं राहून कधी उच्चारलाच नव्हता. काकूंनी चमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग पाण्याचं?" "लिहून ठेवलंय," ती म्हणाली आणि भरभर चालू लागली. भरभर जायचं कारण नव्हतं, पण पायांना दुसरं चालणं येत नव्हतं.

गाडीत तिला खिडकी मिळाली. दौलताबादचा किल्ला उन्हात करपलेला दिसला, पोटूळ स्टेशन गेलं, शेतांमध्ये नुसती ढेकळं होती. समोरची बाई आपल्या नातवाला केळं भरवत होती. शैलाला सारखं वाटत होतं की काहीतरी चालू राहिलंय किंवा काहीतरी बंद राहिलंय, आणि यातलं नक्की काय ते कळत नव्हतं. गाडीचा खडखडाट तिला घुंई आवाजासारखा वाटला तेव्हा कुठं तिचा डोळा लागला. लासूरला उतरून ती बाजारपेठेतून चालत गेली. आडतीच्या दुकानांपुढं गर्दी नव्हती. टँकरच्या वाटेवर घागरींची रांग लावून बायका सावलीला बसल्या होत्या.

आई ओसरीवर बाजेवर होती. डोळ्याला काळा चष्मा, हातात सुनेचा मोबाइल, तो तिनं चेहऱ्यापासून लांब धरला होता. शैला समोर जाऊन उभी राहिली. आईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ तिला पाहत राहिली. केस, मग गळा, मग हात. "वाळलीस," आई म्हणाली. "केसही पांढरे झाले. फोनवर तुझा आवाज काळ्या केसांचा येतो." शैला हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई एकदम गंभीर झाली. तिनं हातातल्या मोबाइलवरच्या निळ्या पट्टीकडे पाहिलं, मग शैलाकडे पाहिलं. "अगं, पण तू इथं, तर मग तिथं कोण बसलंय?" शैला म्हणाली, "कुणी नाही बसत, आई. बसावं लागत नाही." आईनं ते मनाशी नीट लावून बघितलं. मग तिनं विचारलं, त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं, "मग इतके दिवस तू काय करत होतीस?"

वहिनीनं आतून पाय धुवायला अर्धा तांब्या पाणी आणून ओसरीच्या कडेला ठेवलं. शैलानं त्यातलं निम्मं एका पायावर घातलं आणि निम्मं दुसऱ्या.